लायब्ररीच्या तासाला आलेले जरीपटक्याचे दादा

उत्तर नागपुरातल्या एका शाळेत मी लायब्ररी सांभाळते. आमच्याकडे इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत बर्फ, ख्रिसमस, बोर्डिंग स्कूल हेच जास्त, त्यामुळे आपल्याकडची गोष्ट सांगणारं काही दिसलं की मी घेऊनच टाकते. तसंच 'द नाइट डायरी' घेतलं होतं. वीरा हिरानंदानी या अमेरिकेतल्या लेखिकेचं 2018 चं पुस्तक, 2019 मध्ये त्याला तिथला न्यूबेरी ऑनर हा मुलांच्या पुस्तकांसाठीचा सन्मान मिळाला. सिंधमधल्या मीरपूरखासची बारा वर्षांची निशा, जी चारचौघांत बोलतच नाही, ती 1947 मध्ये रोज रात्री डायरीत आपल्या वारलेल्या आईला पत्र लिहिते, बाप हिंदू डॉक्टर, आई मुसलमान, आणि फाळणीत घर सोडून जोधपूरला निघायची वेळ येते.

आठवीतल्या एका मुलीने ते नेलं. जरीपटका या नागपुरातल्या वस्तीतली, सिंधी घरातली. परत आणायची तारीख गेली, मी विचारलं तर म्हणाली, मॅडम, दादांना वाचून दाखवून राहिली ना मी, अजून झालं नाही. दादा म्हणजे तिचे आजोबा. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून ही रोज रात्री दोन-तीन पानं हिंदीतून सांगायची. घरचा स्वयंपाकी काझी, तो मुसलमान म्हणून मागे राहतो, त्या जागी दादांनी तिला थांबवलं आणि त्या रात्री पुढे ऐकलंच नाही म्हणे.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत ते स्वतःच आले. वय पंच्याऐंशीच्या वर, मुलगा स्कूटरवर सोडून गेला. मला म्हणाले, "बेटा, किताब अच्छी है, पर हम लोग रेल से नहीं आए थे, जहाज से आए थे. बच्चों को बता दूँ क्या?" पुढचा तास आठवीचाच होता. मी हेडमास्तरांना फोन केला, ते म्हणाले बसवा.

शाळेत आम्ही फाळणी शिकवतो ती पंजाब आणि बंगालची. सिंधची फाळणी झालीच नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला, त्यामुळे तिथल्या हिंदूंना मागे अर्धा तुकडासुद्धा उरला नाही, हे आठवीतल्या पोरांना कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. दादांचं घर नवाबशाहला. आधी कोणी निघायला तयार नव्हतं, पण 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि मग सगळ्यांनीच बंदर गाठलं. आईने वाटेसाठी कोकी भाजून घेतल्या होत्या, जाड, कांदा घातलेल्या पोळ्या, कारण त्या टिकतात. जहाजावर गर्दी इतकी की पाय पसरायला जागा नाही, कोकी पुरवून पुरवून खाल्ल्या तरी मुंबई यायच्या आत संपल्या, आणि एका अनोळखी बाईने आपल्या पोरांच्या वाट्यातलं यांना दिलं. मग कल्याणचा निर्वासितांचा कॅम्प, मग काकांच्या मागे नागपूर. हे सांगताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

कोणीतरी विचारलं, तुम्ही शाळेत जात होते का? ते उठले, खडू घेतला आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं. पोरं म्हणाली, हे तर उर्दू. "नहीं बेटा, सिंधी. बावन अक्षर होते हैं." तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरी उर्दू शिकलेला, जो वर्गात स्वतःहून कधी हात वर करत नाही, तो उठून पुढे आला आणि बोट ठेवत ठेवत वाचायला लागला, न, व, अ, ब... नवाबशाह! पुढचा शब्द मात्र अडला, पहिल्याच अक्षराखाली जास्तीचे दोन टिंब. दादांनी त्याचं बोट धरून त्या टिंबांवर ठेवलं आणि म्हणाले, हा 'ग' उर्दूत नाही, आमच्या सिंधीत आहे, हवा आत ओढून म्हणायचा, शब्द 'गोठ', म्हणजे गाव. त्या मुलाने तो आवाज काढून दाखवला, जमला नाही, परत काढला, आणि मग सगळा वर्ग तेच करत बसला. मी इतकी वर्षं लायब्ररीचे तास घेते, एका पुस्तकामुळे असा तास झालेला मी पाहिला नव्हता. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना.

ती आठवीतली मुलगी पहिल्या बाकावर होती. तिला नवाबशाह माहीत होतं, पण कोकी संपल्याचं, त्या बाईचं, हे घरात कधी निघालंच नव्हतं. अमेरिकेत लिहिलेल्या एका पुस्तकाने ते जरीपटक्यात काढलं याचा मला फार आनंद आहे आणि थोडा त्रासही होतो, कारण इथे नागपुरात सिंधी माणसं येऊन पंच्याहत्तर वर्षं उलटली आणि मुलांच्या हातात द्यायला त्यांच्यावर एक मराठी गोष्ट माझ्या कपाटात नाही. दुसऱ्याच दिवशी एका पोरीने विचारलं, मॅडम, माझे पणजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते, आजी तेव्हा लहान होती, त्यांच्या खांद्यावर बसून आली होती, तसं पुस्तक आहे का? बाबासाहेबांची चरित्रं माझ्याकडे भरपूर आहेत. खांद्यावर बसलेल्या पोरीची गोष्ट नाही. मी तिला कोरी वही दिली, आजीला विचारून लिही म्हटलं, पण आठवीतल्या मुलीनेच का लिहावं, मोठे लिहिणारे आहेत ना.

तर कोणी विदर्भातलं असं काही मुलांसाठी लिहून राहिलं असेल, मारबतीचं, तान्ह्या पोळ्याचं, जरीपटक्याचं, खाली कॉमेंटमध्ये सांगा. छापून आलं की आमच्या शाळेसाठी पहिल्या दहा प्रती मी घेते.