अडीचशे ब्लाइंड आणि एक्का-राणी

नो-लिमिट होल्डम या पोकरच्या प्रकारात हाती येणाऱ्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. पाने बदामाची की इस्पिकची हे न पाहता ती सूटेड (दोन्ही एकाच रंगाची) आहेत की ऑफसूट (वेगवेगळ्या रंगांची) एवढेच पाहिले, तर त्या १६९ प्रकारांत बसतात. या प्रकारांचे तक्ते पाठ करूनच मी कॅश गेम खेळू लागलो आणि १०० बिग ब्लाइंडच्या (पाने पाहण्याआधीच भरावी लागणारी मोठी सक्तीची रक्कम, हेच इथले माप) टेबलावर त्यांनी मला क्वचितच दगा दिला. स्टॅक (खेळाडूपुढचे चिप्स) २००-२५० ब्लाइंडांपर्यंत पोहोचल्यावर मात्र तीच पाने मी त्याच भरवशाने खेळत राहिलो, आणि त्या भरवशाची किंमत मोजली. (मराठीत पत्त्यांचा ‘हात’ म्हणजे उचललेला डाव. त्यामुळे पोकरमधल्या ‘स्टार्टिंग हँड’साठी ‘सुरुवातीचा हात’ हा शब्दप्रयोग मला अजूनही खटकतो. मी ‘हाती आलेली पाने’ असेच म्हणेन.)

डीप स्टॅकमध्ये, म्हणजे पुढे खूप चिप्स असताना, काय बदलते हे एका साध्या हिशेबातून स्पष्ट होते. एकाने ३ ब्लाइंडची रेज केली (रक्कम वाढवली), बटणाने (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी बोलणाऱ्या खेळाडूने) कॉल केला (तेवढेच भरले) आणि दोन्ही ब्लाइंडांनी, म्हणजे सक्तीची रक्कम भरलेल्या दोघांनी, पाने टाकली, तर फ्लॉपला (टेबलावर सर्वांसाठी पहिली तीन पाने उघडतात तेव्हा) पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, साडेसात ब्लाइंडांची असते. आता फ्लॉप, टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे पान) या तिन्ही फेऱ्यांत पॉटएवढी बेट (पैज) झाली आणि प्रत्येक वेळी नुसता कॉल आला, तर प्रत्येकाचे ७.५, २२.५ आणि ६७.५, म्हणजे एकूण ९७.५ ब्लाइंड आत जातात. १०० ब्लाइंडच्या स्टॅकमध्ये शिल्लक राहिलेले असतात ९७. याचाच अर्थ, १०० ब्लाइंडच्या स्टॅकपर्यंत फ्लॉपनंतर एकही रेज न होता सगळे चिप्स मध्यभागी जाऊ शकतात. २५० ब्लाइंडवर तसे घडण्यासाठी कोणीतरी फ्लॉपनंतर रेज करावी लागते किंवा पॉटपेक्षा मोठी बेट टाकावी लागते. आणि समोरचा अशी रेज करून तिच्यावर ठाम राहतो, तेव्हा आपली एक जोडी बहुधा मागे पडलेली असते.

हे मला ज्या डावाने शिकवले तो असा. सहा जणांचे टेबल होते आणि माझ्यापुढे व बटणावरच्या खेळाडूपुढे प्रत्येकी २४० ब्लाइंड होते. मी सुरुवातीच्या जागेवरून ऑफसूट एक्का-राणीवर ३ ची रेज केली, त्याने कॉल केला, बाकीचे बाहेर पडले. फ्लॉपला राणी, सत्ती आणि दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. मी ५ ची बेट केली, कॉल आला. टर्नला पंजी आली, मी १३ टाकले आणि त्याने ती ४५ वर नेली. फ्लशची (एकाच रंगाची पाच पाने) किंवा स्ट्रेटची (क्रमाने पाच पाने) आशा घेऊन तो असे करत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. रिव्हरला दश्शी आली, त्याने ८५ टाकले, मी कॉल केला आणि त्याने दोन दुर्ऱ्या उलटून दाखवल्या, म्हणजे फ्लॉपपासूनच त्याच्याकडे तीन दुर्ऱ्या होत्या. माझे १३८ ब्लाइंड गेले. १०० ब्लाइंडच्या स्टॅकमध्ये याच पानांवर १०० गमावले असते, तर मी त्याला दुर्दैव म्हणून पुढचा डाव मागितला असता. इथे दुर्दैव नव्हते. पाने वाईट नव्हती, पण ती केवढ्या पॉटसाठी आहेत याचा हिशेब मी एकदाही केला नव्हता.

तेव्हापासून पाने निवडताना ती किती वेळा काहीतरी बनवतात यापेक्षा, बनवलेच तर सर्वांत मोठे काय बनवतात आणि ते हरते तेव्हा कशाकडून हरते, हे मी आधी पाहतो. लहान जोड्या या कसोटीवर वर चढतात. जोडी हातात असताना फ्लॉपला सेट (त्या जोडीचेच तिसरे पान) किंवा त्याहून मोठे काही लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा असते, आणि पंज्यांच्या सेटकडे टेबलावरची पाने पाहून कोणाचे सहसा लक्ष जात नाही. दोघांच्याही हातात जोड्या असतील, तर दोघांनाही फ्लॉपलाच सेट लागण्याचा प्रसंग सुमारे १ टक्का वेळा येतो. तो २५० ब्लाइंडांवर आला तर सगळा स्टॅक घेऊन जातो, पण त्या भीतीने दुर्ऱ्या टाकून द्याव्यात इतका तो वारंवार येत नाही.

सूटेड पानांबद्दल मात्र सरसकट उत्साह नको. सूटेड असल्याने त्याच दोन पानांची जिंकण्याची शक्यता जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढते, आणि फ्लॉपलाच पूर्ण फ्लश लागणे हे १ टक्क्याहूनही कमी वेळा घडते. त्यामुळे प्रश्न फ्लश लागण्याचा कमी आणि कोणता फ्लश लागतो याचा अधिक आहे. सूटेड एक्का-पंजी मला सूटेड राजा-नव्वीपेक्षा कितीतरी प्रिय आहे. तिचा फ्लश सर्वोच्च असतो, एक्क्यापासून पंजीपर्यंतचा स्ट्रेटही तिला लागू शकतो, आणि हातात एक एक्का असल्याने समोरच्याकडे दोन एक्के असण्याच्या जोड्या सहावरून तीनवर येतात. म्हणून फ्लॉपआधी री-रेज करायलाही ती सोयीची आहे.

सलग सूटेड पानांमध्येही टोक पाहावे लागते. सत्ती-छक्की धरून बसलो आणि फ्लॉपला अठ्ठी, नव्वी, दश्शी आली, तर स्ट्रेट लागतो खरा, पण तो खालच्या टोकाचा. राणी-गुलाम आणि गुलाम-सत्ती दोन्ही त्याला हरवतात. अशा जागी पॉट लहान ठेवणे बटणावरून जमते. ब्लाइंडमध्ये बसून आधी बोलावे लागत असेल तर ते फारच अवघड होते, आणि म्हणून ही पाने मी बटणावर आनंदाने खेळतो व स्मॉल ब्लाइंडमधून बहुतेक वेळा टाकतो.

ऑफसूट राजा-गुलाम, राणी-दश्शी यांची गत सर्वांत वाईट. यांना लागते ते बहुतेकदा वरची जोडी, आणि तीही दुय्यम किकरसह (जोडीबरोबरचे दुसरे पान, सारख्या जोड्यांत निकाल ठरवणारे).

दोन एक्के मात्र अजूनही दोन एक्केच आहेत, सूटेड सत्ती-छक्कीविरुद्ध ते शंभरात सुमारे ७७ वेळा जिंकतात. फरक इतकाच की त्यांची ताकद फ्लॉपआधी पॉट मोठा करण्यात आहे. ३ च्या रेजवर ११ ची री-रेज झाली आणि कॉल आला की पॉट साडेतेवीसचा होतो, आणि तिथून पॉटएवढ्या तीन बेटी म्हणजे ३०५.५ ब्लाइंड, म्हणजे २५० चा स्टॅक रेजविना आत जाऊ शकतो. एक जोडी घेऊन जायचेच असेल, तर हा मार्ग बरा.

हे सारे लागू होते ते दोघांपैकी लहान असलेल्या स्टॅकच्या हिशेबाने. माझ्यापुढे ३०० ब्लाइंड असले आणि ज्याच्याशी डाव जमणार आहे त्याच्यापुढे ४० असले, तर तो ४० ब्लाइंडचाच डाव असतो. तिथे मी पंज्यांची जोडी टाकून देतो आणि एक्का-राणी पुन्हा बाहेर काढतो.