यादीवाला ऍलोकेटर निघाला, आणि मधल्या खणातला थ्रेड मरू लागला

माझ्या कर्नलमध्ये, म्हणजे मी लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, के-फ्री हे मेमरी परत घेणारं फंक्शन आहे. त्यातली ती 'इफ' काल रात्री खोडली. आलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) कुठल्या ऍलोकेटरने, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या कोडने, दिलेला, स्लॅबने की यादीवाल्याने, हे पानाच्या हेडरमधल्या खुणेवरून ठरवणारी. पान म्हणजे मेमरीचा ४०९६ बाइटांचा तुकडा. स्लॅब म्हणजे पानात एकाच मापाचे खण पाडून देणारा नवा ऍलोकेटर; एका मापाच्या खणांचा साठा म्हणजे कॅश. यादीवाला म्हणजे पहिली पुरेल एवढी मोकळी जागा शोधून देणारा, माझ्या कर्नलमधला सगळ्यात जुना कोड. आता के-फ्री पॉइंटरवरून पान काढते, पानावरून कॅश, आणि काम संपतं. सरळ चार ओळी. मी त्या तीनदा वाचल्या.

हे आठवडाभर आधीच व्हायला हवं होतं.

मेमरीची सगळी मागणी स्लॅबकडे वळवली त्या दिवशी कर्नल बूट झाला, शेल आला, फाइली वाचता आल्या. मग वर्तुळं काढणारा डेमो चालवला आणि जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (नियम मोडला म्हणून प्रोसेसरने केलेली अडवणूक), एरर कोड शून्य. रीबूट करून आधी घड्याळाचा प्रोग्रॅम मागे सुरू ठेवला आणि डेमो चालवला, तर तासभर निवांत चालला. घड्याळ बंद ठेवलं की पुन्हा पॅनिक, म्हणजे कर्नल ठप्प.

फॉल्ट येत होता थ्रेड बदलतानाच्या एफएक्ससेव्हवर. ही फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे दशांश गणिताची, स्थिती मेमरीत साठवणारी प्रोसेसरची सूचना. तो कोड दोन वर्षांत मी हलवलेला नाही, म्हणून संशय पॉइंटरवर गेला. कॅनॉनिकल नसलेल्या, म्हणजे प्रोसेसरला मुळातच अमान्य, पत्त्यावर हात घातला तरी हाच फॉल्ट येतो, एरर कोड शून्यच. म्हणजे सोडलेली मेमरी कुणीतरी वापरतंय, असं मी धरून चाललो. लिनक्ससारखं पॉयझनिंग बसवलं: सोडलेल्या ऑब्जेक्टमध्ये हेक्स ६बी भरायचं आणि पुन्हा देताना तपासायचं. जीडीबी या डीबगरचे हार्डवेअर वॉचपॉइंट (पत्त्याला कुणी हात लावला की थांबवणारे) लावले. कर्नल ज्यात चालवतो त्या क्यूएमू एम्युलेटरचा इंटरप्ट लॉग मात्र फार आवाज करतो. अशा बगमध्ये त्याच्या ढिगाऱ्यात शोधण्यापेक्षा योग्य जागी एक प्रिंट बरी, हे माझं मत आता पक्कं झालंय.

पॉयझनिंगने एक खरा बग पकडून दिला: पाइप बंद करताना वाचणाऱ्यांची रांग सोडल्यानंतर मी तिच्यात एकदा लिहीत होतो. यादीवाल्याच्या काळात ते कधीच कळलं नसतं. तो बग गेला याचा आनंद खराच, पण डेमो तसाच कोसळत राहिला.

शेवटी थ्रेडच्या रचनांचे (प्रत्येक थ्रेडची माहिती ठेवणाऱ्या खणांचे) पत्ते छापले. हेक्समधले शेवटचे तीन आकडे: ०२०, ४३८, ८५०. पुढच्या पानावर पुन्हा तेच. कोसळणारा प्रत्येक वेळी ४३८वाला.

रचना १०४८ बाइटांची, पानाचं हेडर ३२ बाइटांचं, म्हणून एका पानात तीन खण. १०४८ला १६ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे मधला खण ८ बाइटांनी सरकतो. एफएक्ससेव्हला ५१२ बाइटांची जागा १६च्या पटीतल्याच पत्त्यावर लागते, आणि ती जागा याच रचनेत आहे. फ्लोटिंग पॉइंट वापरणारा थ्रेड मधल्या खणात आला की फॉल्ट. घड्याळाला फ्लोटिंग पॉइंट लागत नाही, आणि ते मागे असलं की तो खण अडवून बसायचं. यादीवाला प्रत्येक तुकडा १६ला गोल करून वर १६ बाइटांचं हेडर लावायचा. अलाइनमेंटचं (पत्ता ठरावीक पटीत असण्याचं) वचन त्याने कधीच दिलं नव्हतं, पण दोन वर्षं मी त्यावरच उभा होतो.

लिनक्समध्येही हा प्रश्न निघालाच होता. दोनच्या घातांच्या आकाराला के-मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) नैसर्गिक अलाइनमेंट, म्हणजे त्या आकाराच्याच पटीतला पत्ता, देईल, ही हमी ५.४मध्ये, २०१९ साली आली. तेव्हा लिनक्समध्ये स्लॅब, स्लब आणि स्लॉब असे तीन ऍलोकेटर होते, आणि हमी तिघांनाही पाळावी लागली. स्लॉब ६.४मध्ये गेला, स्लॅब ६.८मध्ये. स्लॉब कॅशमधून दिलेल्या ऑब्जेक्टचा आकार जवळ ठेवत नसे, म्हणून तशा ऑब्जेक्टवर थेट के-फ्री चालत नव्हती. एक दुबळा ऍलोकेटर असला की बाकी सगळ्या कोडला त्याच्या बेताने वागावं लागतं. माझं खोडकाम सुरू झालं ते याचमुळे.

दुरुस्ती म्हणून कॅश तयार करताना अलाइनमेंट मागायची सोय केली. रचना १०५६ची झाली, डेमो रात्रभर चालला. पण पानामागे ८९६ बाइट वाया जाताहेत, ते लिहिता लिहिता टोचतंय.

थांबा. ५१२ बाइटांची ती जागा थ्रेडच्या रचनेत हवीच कशाला? तिची वेगळी कॅश केली तर रचना ५३६ची राहील आणि पानात तीनऐवजी सात थ्रेड बसतील. पहिल्यांदा फ्लोटिंग पॉइंट वापरला की सातव्या व्हेक्टरचा फॉल्ट ('फ्लोटिंग पॉइंट अजून उपलब्ध नाही' सांगणारा) येतोच, तिथेच ही जागा घ्यायची. न मिळाली तर थ्रेड मारायचा. त्या हँडलरमध्ये मेमरीची वाट बघत थांबणं मला पटत नाही.

यानंतर बम्प ऍलोकेटरही (बूटच्या सुरुवातीला नुसतं पुढे सरकत जागा देणारा) काढणार होतो. तो बेत मागे घेतो. पानांचा बिटमॅप (कुठली पानं मोकळी याची नोंद) ठेवायला जागा लागते आणि तेव्हा स्लॅब जन्मलेला नसतो. लिनक्सने ४.२०मध्ये बूटमेम हा बूटकाळचा ऍलोकेटर काढला, तरी सुरुवातीच्या मेमरीसाठी मेमब्लॉक ठेवलाच. बम्प राहील, पण स्लॅब उभा राहिला की त्याच्याकडे आलेल्या मागणीवर थेट पॅनिक. ती तपासणी आत्ता घातली, आणि बूट होताच कीबोर्ड ड्रायव्हर त्यात सापडला.