मापाची वही

बुधवार, रात्रीचे साडेदहा

शेजारच्या घरातल्या सुनेच्या खुनाच्या खटल्यात आज शिक्षा सुनावली. नवऱ्याला जन्मठेप, सासूला तीन वर्षं. धाकटा दीर सुटला, तो सोमवारीच.

मागच्या बाकावर बसले होते. सोमवारी दोषी ठरवलं आणि आज शिक्षेवर आरोपींचं म्हणणं ऐकलं. दोषी ठरल्यावर शिक्षा किती, यासाठी पुन्हा वेगळी सुनावणी होते हे मला सहा वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? तो म्हणाला, घरी म्हातारी आई आहे आणि मला लहान मुलगी आहे. म्हातारी आई त्याच्या शेजारीच आरोपी म्हणून उभी होती. आणि मुलगी म्हणजे जिची आई त्याने मारली ती. गेली सहा वर्षं ती दोडामार्गला मामाकडे आहे, बापाने पहिल्या जामिनाच्या अर्जात तिचं नाव घातलं होतं आणि त्यानंतर आजच घेतलं.

मारलेल्या सुनेचा भाऊ बाहेर येऊन भिंतीला टेकला. त्याला फाशी हवी होती. सरकारी वकीलबाईंनी त्याला समजावलं की 'दुर्मिळातील दुर्मीळ' असेल तरच फाशी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ठरवून दिलंय. तो म्हणाला, मॅडम, माझी बहीण मला एकच होती, तिच्याहून दुर्मीळ काय असतं? त्यावर त्या गप्प राहिल्या.

मग त्याने विचारलं, चौदा वर्षांनी सुटणार ना हा? आमच्या वाड्यावरही सगळ्यांचा हाच समज. जन्मठेप म्हणजे जन्मभर, हे १९६१ पासून स्पष्ट आहे म्हणे. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं पुरी होण्याआधी सरकारला सूट देऊन सोडता येत नाही, चौदाचा संबंध इतकाच. चौदा झाली की दार आपोआप उघडत नाही. भावाचं समाधान झालं असं वाटलं नाही.

जेवण गेलं नाही. सोलकढी प्यायले आणि लिहायला बसले.

गुरुवार, दुपार

काल मुख्य गोष्ट राहिली, वहीची.

मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवते. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या तीन पिढ्यांची मापं माझ्याकडे आहेत. शंभर पानी वहीत प्रत्येकीचं एक पान, वर नाव, खाली तारखेनिशी छाती, कंबर, मुंढा, दंड, बाही, गळा. दरवेळी माप नव्याने घ्यायचं आणि आधीच्या ओळीखाली लिहायचं, ही माझ्या गुरूची शिस्त. बायका म्हणतात, काकी, जुनंच माप घाला. मी घालत नाही. बाईचं अंग वर्षभर तसंच राहत नाही.

त्या सुनेच्या पानावर पाच ओळी होत्या. तीन तर मला पाठ आहेत. २०१५ दिवाळी, छाती ३४, दंड ११, बाही ६. २०१७ चवथ (गणपती), छाती ३२, दंड १०, बाही १०. २०१९ चवथ, छाती साडेएकोणतीस, दंड साडेआठ, पाऊण बाही, गळा बंद.

चवथीच्या दिवसांत, घामाने टेप अंगाला चिकटतो तेव्हा, पाऊण बाही आणि बंद गळा. "काकी, बाही जरा लांब ठेवा," एवढंच ती म्हणायची. दंडाला टेप लावताना तिने श्वास आत ओढला तो मी ऐकला. बाही वर सारली तर चार बोटांचे वळ, निळे होऊन पिवळट पडत आलेले. मी टेप जरा खाली सरकवला, साडेआठ लिहिलं आणि गळा किती ठेवू असं विचारलं.

ब्लाउजच्या आत शिलाईत जास्तीचं कापड सोडतो त्याला आम्ही माया म्हणतो. बाई बाळंत झाली, अंगाने भरली, की टीप उसवून ब्लाउज सैल करता यावा म्हणून. मी सगळ्यांना दीड इंच माया ठेवते. ही मात्र जुने ब्लाउज आणायची ते घट्ट करायला. मी दरवेळी टीप आत आत घालत गेले. तिच्या ब्लाउजातली माया वाढत गेली ती अशी.

ती गेली २०१९ च्या नोव्हेंबरात. न्हाणीत पाय घसरून पडली, असं घरच्यांनी सांगितलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोस्टमॉर्टेम झालं आणि मरण गळा दाबून आल्याचं निघालं.

तपासाला आलेली उपनिरीक्षक बाई वयाने माझ्या भाचीएवढी. वाड्यावर प्रत्येकाला तिने 'तुम्हाला काय माहीत' असं विचारलं आणि प्रत्येकाने 'काही नाही' म्हणून सांगितलं. मीही तेच सांगितलं. मग तिची नजर मशीनवरच्या वहीवर गेली आणि तिने विचारलं, "मापं लिहून ठेवता का तुम्ही?"

वही जप्त झाली आणि पुढे एक्झिबिट, म्हणजे कोर्टातला पुरावा, झाली. (त्या एका पानापायी वाड्यावरच्या सगळ्या बायकांची मापं सरकारजमा झाली. सगळ्यांची पुन्हा घ्यावी लागली आणि ऐन शिगम्याच्या सणात माझे दोन आठवडे गेले.)

गुरुवार, रात्र

हे सगळं सुरू झालं सहीवरून.

आम्हा गोवेकरांना एका गोष्टीचा अभिमान, की इथे बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, मुक्तीनंतरही आपण ठेवलेला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचं सगळं सामाईक, वडिलोपार्जितसुद्धा. लग्नाच्या रेजिस्टरात सह्या झाल्या की झालं. आणि जमीन विकायची तर नवऱ्याबरोबर बायकोचीही सही लागते. भाषणांत, वर्तमानपत्रांत हे किती वेळा ऐकलंय! मीही सावंतवाडीच्या नणंदेला ऐकवत आले.

शेजाऱ्यांचं डोंगराकडे काजूचं भाट, म्हणजे बाग. सासरा वारला आणि बाहेरची कोणी पार्टी आली, व्हिला बांधायला. म्हातारीने सही दिली. धाकट्याने दिली, त्याच्या बायकोने दिली. राहिली हिची. मुलीच्या नावावर काही तरी ठेवा, मग देते, म्हणाली. दुसरं काही मागितलं नव्हतं तिने.

म्हणजे तिच्या हातात हक्क होता, कागदोपत्री पक्का. हुंडाबळीच्या गोष्टीत बाई काही आणत नाही म्हणून मारतात. हिला मारलं ते तिच्याकडे होतं त्यासाठी. कायद्याने दिलेली सही तिच्याकडून काढून घ्यायची तर एकच वाट, तिला तिच्या घरात कोंडून ती देईपर्यंत छळायचं. आणि तो कायदा करणारे किंवा त्याचा अभिमान सांगणारे कोणी त्या घरात रात्री नसतात. शेजारी असतात. आम्ही होतो.

आवाज यायचे. मी एकदा आमच्या ह्यांना म्हटलं, जाऊन बघूया का. हे म्हणाले, "घरची गजाल ती, आमी कित्याक पडप?" आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, कोणीतरी नको म्हणालं म्हणून.

शुक्रवार, पहाट

झोप नाही. पाववाला पोदेर अजून यायचाय.

उलटतपासणी आठवत राहते. आरोपींचे वकील शांत माणूस, आवाज न चढवता विचारणारे. म्हणाले, आजकाल बायका डाएट करतात, हे मान्य आहे का? मान्य आहे. बारीक झाली म्हणजे कोणी छळ केला असं होत नाही, मान्य आहे का? मान्य आहे. दंडावरचे वळ तुम्ही पाहिले म्हणता. ('वळ' हा शब्द टायपिस्टने 'मार्क्स' केला. न्यायाधीश इंग्रजीत सांगत होते, तो लिहीत होता. माझ्या साक्षीत माझा एकही शब्द नाही.) मग वहीत वळ का लिहिले नाहीत?

मी म्हटलं, वहीत मापं लिहितात.

पोलिसांत का गेला नाहीत?

गेले नाही.

का?

न्यायाधीशांनी वर पाहिलं. मी काही बोलले नाही. टायपिस्टने काय लिहिलं कोण जाणे.

सरकारी वकीलबाईंनी नंतर चहा पाजला. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, चार भिंतींच्या आत बाई मेली तर आत राहणाऱ्यांनी काय झालं ते सांगायला हवं, सगळा भार आपल्यावर नाही. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात नवरा साप चावला म्हणत होता, गळा दाबल्याचं निघालं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा कायम केली. इथे साप नाही, न्हाणी आहे. मी विचारलं, हुंडाबळीचं कलम का नाही लावलं? त्यात अट सात वर्षांची, हिच्या लग्नाला नऊ झालेली, शिवाय मागणी हुंड्याची नव्हती. म्हणून खुनाचं ३०२ आणि सासरच्या छळाचं ४९८अ. गुन्हा जुना म्हणून कलमं जुनी. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नव्या कायद्यातली १०३ आणि ८५.

मग सहज बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, तुम्ही सांगू शकला असता. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे ना, त्यात कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. नातं लागत नाही, खात्री लागत नाही, संशयाला कारण असलं की पुरे. चांगल्या हेतूने दिलेल्या खबरेबद्दल कोणी तुमच्यावर दावा लावू शकत नाही.

२००५. वहीतली तिची पहिली ओळ २०१५ ची.

पंचायतीत बायकांच्या मदतीच्या फोनचा, १८१ चा, कागद चिकटवलेला होता तो मी पाहिला होता. मला वाटायचं तो मार खाणारीसाठी आहे. देशभरच्या आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, मार सोसलेल्या बायकांपैकी शंभरात चौदाच कोणाकडे तरी मदत मागतात असं निघालं. तिने मागितली होती असं मला आता वाटतं. लांब बाही मागितली होती.

शुक्रवार, संध्याकाळ

केरळमधल्या कोल्लमच्या निकालाचं कात्रण शोधून काढलं, शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. तिथल्या सत्र न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये नवऱ्याला आणि सासूला, दोघांनाही, जन्मठेप दिली. हुंड्याचे दोन लाख राहिले म्हणून सुनेला उपाशी ठेवलं, भिजवलेले तांदूळ आणि साखरेचं पाणी देत राहिले. २०१९ मध्येच गेली, आमची गेली त्याच वर्षी. मेली तेव्हा वजन एकवीस किलो.

आमच्याकडे तांदळाचं पोतं येतं ते पंचवीसचं. कात्रण वाचलं त्या दिवशी मी ते उचलून पाहिलं होतं. छाती किती भरली असेल याचा हिशेबही मनात सुरू झाला होता, सवयच तशी. मग मीच थांबवला.

तिथे सासूलाही जन्मठेप, इथे तीन वर्षं. ४९८अ ला त्याहून जास्त देताच येत नाहीत आणि खुनात म्हातारीचा हात सिद्ध झाला नाही. झाला नाही तर नाही. पण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला, आरोपी आधी जामिनावर असेल तर, अपिलासाठी तेच कोर्ट जामीन देतं. तसा दिला. बुधवारी मी बस पकडून घरी पोचले तेव्हा ती माझ्या आधी रिक्षाने आलेली, आणि तुळशीपुढे दिवा लागलेला.

आमच्या दोन अंगणांमध्ये एक गडगा आहे, कमरेएवढा. आज सकाळी ती पलीकडून म्हणाली, "तुझी वही मेळ्ळी?"

नाही, म्हटलं. अपिलाची मुदत संपेपर्यंत देत नाहीत.

"मेळटली," म्हणाली, आणि धुणं वाळत घालायला वळली. त्यात राग नव्हता की टोमणा होता, मला ओळखता आलं नाही. साठ वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली तेव्हाची तिची मापं माझ्या गुरूच्या वहीत असतील. ती वही कुठे गेली कोण जाणे.

शनिवार

दुपारी गावातला दलाल आला, २०१९ मध्ये पार्टी आणणारा तोच. स्कूटर बंद न करता उभा राहिला. निकालाबद्दल वाईट वाटलं म्हणाला, पावसाबद्दल बोलला. मग हळूच विचारलं, "काकी, सही आतां कोणाची लागतली?"

मी मुंढ्याला टीप घालत होते.

"मुलगी मामाकडेन आसा न्हय? मामाचो नंबर आसा तुमचेकडेन?"

नंबर आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, बुधवारी कोर्टाच्या पायरीवर लिहून घेतला. चौदावं लागलंय तिला, चवथीला तिचं पोलकं शिवायचं ठरलंय.

नाही, म्हटलं. तो गेल्यावर मी त्या मामाला फोन लावला आणि दलाल येऊन गेला ते सांगितलं, स्कूटरच्या नंबरासकट.