सळईचा वास

काल रात्री कोथरूडला घरी पोचायला पाऊण वाजला, फोन डेड, आणि आई गॅलरीत शाल गुंडाळून उभी. मग अर्धा तास हजेरी. नेमकं त्याच दिवशी मी मेक्सिकोतल्या, बेपत्ता पोरांना शोधणाऱ्या आयांबद्दल वाचत होतो. तिकडे २००६ च्या डिसेंबरात सरकारने कार्टेल म्हणजे ड्रग्जच्या टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवलं, तेव्हापासून खूनखराबा खूप वाढला आणि बेपत्ता लोकांची सरकारी नोंद २०२२ मध्येच १ लाखाच्या वर गेली. पोलिसांवर भरवसा कोण ठेवणार, २०१४ ला तिथल्या इग्वाला शहरात ४३ विद्यार्थी गायब झाले त्यात पोलीसच सामील होते. म्हणून या बायका स्वतःच फावडी घेऊन माळावर जातात. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, उपसायची, टोकाचा वास घ्यायचा, कुजका आला की तिथे खणायचं. आपलं पोर की दुसऱ्या कुणाचं, ते नंतर डीएनए सांगणार.

लांबचं म्हणून सोडून द्यावं तर २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) सापडलंच की.

सकाळी आईला हे सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही, माझ्या बॅगेत पॉवरबँक तेवढी टाकली.