उदयपूरचं लग्न आणि पाहुण्यांची वही

गेल्या मार्गशीर्षात भाचीचं लग्न उदयपूरला झालं. मुलगा मुंबईचा, मुलगी पुण्याची, आणि दोघांच्या मनात पिछोला तळ्याच्या काठावर लग्न करायचं पक्कं बसलेलं. हॉल, केटरर, सजावट या गोष्टी ताई आणि भाऊजींनी बघितल्या. पाहुण्यांचं सगळं ताईने माझ्याकडे सोपवलं. कोण येणार, कशाने येणार, कुठे उतरणार, काय खाणार, जिने चढू शकणार की नाही, हे सगळं. दोनशे पानी वही घेतली आणि चार महिने तीच वही घेऊन बसले. आपल्याकडून आता बरीच लग्नं तिकडे जाऊ लागली आहेत, म्हणून त्या वहीतलं उपयोगाचं इथे लिहून ठेवते.

सुरुवातीला मुलांनी मोबाइलवर एक फॉर्म तयार करून सगळ्यांना पाठवला. तरुण मंडळींनी तो दोन दिवसांत भरला. साठीच्या पुढच्यांपैकी तिघांनी भरला, आणि त्यातही दोघांच्या सुनांनी. मग मी सरळ फोन करायला घेतले. एका घराला वीस मिनिटं गेली तरी चालतील असं ठरवूनच बसायचे. फॉर्मवर ‘काही आजार?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिणारा माणूस फोनवर गप्पांच्या ओघात सांगतो की हल्ली गुडघा फार धरतो, रात्री दोनदा उठावं लागतं, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. मला हवी होती ती माहिती नेमकी हीच.

आमंत्रणं एकशे दहा जणांना होती, आले शहाऐंशी. आपल्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘येणारच हो’ या तिन्हींचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. मी एकच नियम ठेवला: तिकीट निघालं की माणूस धरायचा. तिकिटाचा फोटो माझ्याकडे आला की वहीतल्या नावापुढे हिरवी खूण. हॉटेलला खोल्यांचा शेवटचा आकडा देताना फक्त हिरव्या खुणा मोजल्या, वर तीन खोल्या जास्तीच्या धरल्या. त्यातल्या दोन लागल्या.

नावांचा घोळ कमी समजू नका. आमच्या यादीत बेबीमावशी, नानी, बापूकाका आणि दोन छोट्या ताई होत्या. बेबीमावशीचं खरं नाव घरात कुणालाच धड आठवेना, आणि तिच्या आधारकार्डावर अजून माहेरचं आडनाव! विमानाचं तिकीट आणि हॉटेलची नोंद ओळखपत्रावरच्या नावानेच व्हायला हवी, त्यामुळे पहिल्याच फोनमध्ये ओळखपत्राचा फोटो मागून घ्या. हॉटेलात प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघतात, नवऱ्याचं दाखवलं की बायकोचं चालतं असं नाही. अमेरिकेहून आलेल्या चुलत बहिणीचा आणि तिच्या नवऱ्याचा पासपोर्ट तिकडचा. अशा पाहुण्यांची माहिती हॉटेलला सरकारकडे कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांचं) दोन्ही हाताशी ठेवायला सांगा. ती सामानाच्या तळाशी गेली तर रात्री अकराला काउंटरसमोर बॅगा उघडाव्या लागतात.

आता शहराविषयी. उदयपूर हे महाराणा उदयसिंहांनी सोळाव्या शतकात वसवलेलं राजधानीचं गाव. जुना भाग तळ्याच्या काठाने टेकडीवर चढत गेलेला आहे. सिटी पॅलेस, जगदीश मंदिर, गणगौर घाट, लाल घाट हे सगळं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. पण हे अंतर चढ-उताराचं, दगडी फरशीचं आणि दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल अशा गल्ल्यांचं. तळ्याकाठी उतरायला मिळतं ते बहुतेक जुन्या हवेल्यांतून केलेल्या हॉटेलांत. झरोके सुंदर, अंगण सुंदर, आणि जिना असा की एका वेळी एकच माणूस जाईल. पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाहीच.

ऑगस्टमध्ये जागा बघायला गेलो तेव्हा मी भाऊजींना म्हटलं, खोल्या तुम्ही बघा, मी जिने बघते. हनुमान घाटाजवळच्या ज्या हवेलीत लग्नघर करायचं होतं, तिच्या जिन्याच्या पायऱ्या वीतभर आणि वर चार बोटं उंच निघाल्या. हाताने मोजल्या मी, एकेक. आपल्या घरातली पायरी वीतभरही नसते. कठडा एकाच बाजूला, तोही वळणावर तुटलेला. उंबरे इतके उंच की नऊवारीत पाय अडकणारच. तिथेच जिन्यात बसून मी वहीत तीन रकाने आखले: ‘कुठेही चालेल’, ‘फक्त तळमजला’, ‘लिफ्ट हवीच’. पुढे तळमजल्याच्या सहा खोल्या सत्तरीच्या जोडप्यांना दिल्या आणि लिफ्ट हवीच म्हणणाऱ्या अकरा जणांना फतेहसागर या दुसऱ्या तळ्याकडच्या एका नव्या हॉटेलात उतरवलं. थोडा रुसवा झाला. ‘आम्हाला लांब टाकलं’ असं एक काकू म्हणाल्याच. मग प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी गाडी आणि बरोबर घरचं एक तरुण माणूस ठेवलं, तेव्हा मन निवलं. लांब उतरवायचं असेल तर माणूस द्या, नुसती गाडी देऊ नका.

आमची खरी चूक झाली ती आगमनाच्या दिवशी. गाडीवाल्याने टेम्पो ट्रॅव्हलर दारापर्यंत जाईल म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही त्याच्या शब्दावर राहिलो. गाडी चांदपोल वेशीच्या अलीकडेच थांबली. एकवीस माणसं, चौतीस बॅगा, दुपारचे अडीच, आणि पुढे फक्त रिक्षा जाईल एवढी गल्ली. सगळं हवेलीत पोचायला सव्वा तास लागला. तुमचं ठिकाण जुन्या भागात असेल तर मोठी गाडी कुठपर्यंत येते हे गाडीवाल्याला विचारू नका, जागा बघायला जाल तेव्हा तिथल्या पानवाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारा. तिथून पुढे रिक्षा आणि सामानासाठी हातगाडी आधीच ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या तुकडीला आम्ही तसंच आणलं आणि वीस मिनिटांत मंडळी चहा पीत बसली होती. सामानाला रंगीत फितीही बांधल्या: हवेलीसाठी लाल, शेजारच्या हॉटेलसाठी पिवळी, फतेहसागरसाठी हिरवी. साडीच्या फॉलचे तुकडे होते ते. उचलणाऱ्याला नावं वाचावी लागली नाहीत आणि एकही बॅग चुकली नाही.

यायचं कसं, तर मुंबईहून विमान दीड तासाचं. विमानतळ डबोकला, शहरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत. वांद्रे टर्मिनसहून उदयपूरची थेट गाडी आहे, रात्री निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते, पण रोज नाही. लग्नाची तारीख ठरवण्याआधी त्या गाडीचे वार बघा, आमच्या निम्म्या वडीलधाऱ्यांना विमानापेक्षा तीच बरी वाटली. अहमदाबादपर्यंत येऊन पुढे रस्त्याने साधारण पाच तास, हाही मार्ग काहींनी धरला. कोण कुठल्या गाडीने येतंय याचा कागद मी तारीखवार न करता तासावार केला. स्टेशनवर उभ्या असलेल्या भाच्याला तोच उपयोगी पडला.

मुहूर्त गोरजाचा होता. पुण्याच्या पंचांगावरून वेळ काढून पत्रिका छापायला जाणार होती, तेवढ्यात आमच्या गुरुजींनी थांबवलं. डिसेंबरात उदयपूरला सूर्य पुण्यापेक्षा दहा-बारा मिनिटं आधी मावळतो. रेखांश जवळपास तेच, पण गाव बरंच उत्तरेला. वेळ तिथल्या सूर्यास्ताने काढून घेतली, म्हणून अंतरपाट धरला तेव्हा समोरच्या पॅलेसच्या भिंतीवर अजून तांबूस उजेड होता. गुरुजी पुण्याहूनच नेले. त्यांचं तिकीट, खोली, सोवळ्याची सोय आणि पहाटेचं गरम पाणी वहीत पाहुण्यांच्या आधी लिहिलं होतं.

साहित्यात मुंडावळ्या, अंतरपाट, सुपारी, हळकुंडं, अक्षतांना लावायचं कुंकू हे सगळं घरून न्या. पण सुकं खोबरं विमानाने नेऊ नका. खोबऱ्याच्या वाट्या तेलकट असल्याने पेट घेण्याचा धोका मानतात, त्या चेक-इनच्या सामानातही चालत नाहीत. ओटीच्या पिशवीत वाट्या भरलेल्या आमच्या एका वहिनींना मुंबईला सगळी पिशवी सोडवून बसावं लागलं. उदयपूरच्या बाजारात किराणा दुकानात ‘सूखा गोला’ मागा, मिळतो. गजऱ्यांचं मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. हार तिथे भरपूर, पण आपल्यासारखा बारीक, दाट विणलेला गजरा करून घ्यायचा तर नमुना दाखवावा लागतो.

आमची हळद आणि संगीत गुरुवारी आलं, आणि तोही मार्गशीर्षातला गुरुवार. चौदा बायकांचा उपवास. केटररला ‘चौदा जणींचं उपवासाचं’ एवढंच सांगून भागत नाही, कारण तिकडे उपवासाला चालणारे पदार्थ आणि आपले पदार्थ सारखे नाहीत. साबुदाण्याची खिचडी कशी भिजवायची, दाण्याचं कूट किती, जिरं चालतं, हळद-मोहरी नाही, हे मी हिंदीत लिहून दिलं आणि सकाळी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिथल्या महाराजांनी पहिला घाणा काढून मला चाखायला दिला. दुपारी हवेलीच्या अंगणात सगळ्यांनी मिळून एकच घट मांडला. माळ्याने आंब्याच्या डहाळ्या आणून दिल्या, तबकात फळं मांडली, आणि एका काकूंनी कहाणी वाचली तेव्हा हवेलीतल्या कामवाल्या बायकाही ओढणी सावरून मागे बसून ऐकत होत्या. संध्याकाळचा नैवेद्य झाला की या चौदा जणी जेवणार, म्हणून त्यांची पानं साडेसातला वेगळी लावली. संगीताच्या जेवणापर्यंत त्यांना ताटकळत ठेवलं असतं तर दोघींना तरी चक्कर आली असती.

जैन जेवणाची तिथे काहीच काळजी नको, आचाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं. काळजी करायची ती वरणभाताची. दाल-बाटी, चुरमा, गट्ट्याची भाजी पहिल्या दिवशी सगळे आवडीने खातात. दुसऱ्या दिवशी रात्री वडीलधाऱ्यांना साधं वरण, मऊ भात आणि लिंबाची फोड हवी असते. तेवढं रोज ठेवायला सांगा. आणि सकाळी सहाचा चहा! हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होतो, आपली माणसं साडेपाचला उठून बसलेली असतात.

संगीत साडेसहालाच सुरू करा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि तळ्याकाठी आवाज पाण्यावरून पार पलीकडे जातो. थंडी किती पडेल याचा अंदाज पुण्याच्या माणसाला येत नाही. डिसेंबरात काठावर रात्री हात गारठतात, म्हणून शाल आणि पायमोजे आणा असं पत्रिकेबरोबरच्या चिठ्ठीत लिहा. रुखवत गच्चीवर मांडायचा बेत होता, पण जुन्या भागात गच्च्यांवर वानरं फिरतात, तेव्हा आतल्या दालनात मांडलं.

औषधांची चिठ्ठी मी प्रत्येक ज्येष्ठ पाहुण्याकडून मागून घेतली होती: नाव, रोजच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, घरच्या डॉक्टरांचा फोन. एका रात्री बापूकाकांचा रक्तदाब वाढला तेव्हा तो कागद सरळ डॉक्टरांच्या हातात देता आला. गल्लीत रुग्णवाहिका येणार नाही हे धरूनच एक रिक्षावाला रात्रभरासाठी ठरवलेला होता, त्याने काकांना मोठ्या रस्त्यावरच्या गाडीपर्यंत नेलं. मोठं सरकारी रुग्णालय, महाराणा भूपाल, शहरातच आहे. काका सकाळी हळदीचे फोटो बघत बसले होते.

आत्याबाई अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांना होडीतून तळ्यातल्या बेटावरचा जगमंदिर महाल बघायचा होता आणि कोणी नेईना. मी नेलं. धक्क्यावर होडी हलत होती आणि त्यांचा पाय पुढे पडेना. नावाड्याने होडीची कड गुडघ्याने दाबून धरली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, ‘माँजी, पानी मत देखो, मुझे देखो.’ त्या चढल्या. परतताना बागोर की हवेलीच्या घाटावर कबुतरं उडाली तर लहान मुलीसारख्या हसल्या. तुमच्या यादीत असं एखादं माणूस असेलच, त्याच्यासाठी सकाळचा एक तास मोकळा ठेवा. जगदीश मंदिराला बत्तीस पायऱ्या आहेत, मधे टेकायला फारशी जागा नाही. ज्यांना चढवत नाही त्यांना हे आधीच सांगा, म्हणजे खाली थांबल्याचं वाईट वाटत नाही.

लग्नानंतर निम्मी मंडळी एक दिवस थांबली. एकलिंगजी आणि नाथद्वारा ही उदयपूरजवळची देवस्थानं एकाच फेरीत होतात, पण दोन्हीकडे दर्शनाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि दुपारी दार बंद असतं. आमची पहिली गाडी रमतगमत दहाला निघाली आणि एकलिंगजीला रांगेत बराच वेळ गेला, नाथद्वाऱ्याला पोचेपर्यंत पडदा पडला होता. दुसरी गाडी सकाळी साडेसहाला निघाली, तिला दोन्ही मिळाली. तुम्ही साडेसहाचीच धरा, आणि गाडीत चहाचा थर्मास व शेव-पुऱ्यांचा डबा आदल्या रात्रीच ठेवून द्या.