आधी कात, मग सलग तीन जेवणं: बॉल पायथनचं पिल्लू कोल्हापूरला आणताना

अंड्यातून बाहेर आलेलं सापाचं पिल्लू पहिल्याच दिवशी तयार दिसतं. डोळे उघडे, अंगावरची नक्षी ठसठशीत, जीभ आतबाहेर चाललेली. बघणाऱ्याला वाटतं, आता काय राहिलं, घेऊन जाऊया की. पुण्याच्या ब्रीडरदादांनी, म्हणजे सापांची पैदास करणाऱ्या दादांनी, मला बॉल पायथनच्या पिल्लांचा व्हिडिओ पाठवला तेव्हा मी लगेच विचारलं, "दादा, कधी येऊ न्यायला?" ते म्हणाले, "ताई, आधी कात टाकू दे. मग सलग तीन वेळा आपलं आपण खाऊ दे. तोवर ॲडव्हान्सही पाठवू नका."

या एका उत्तरावरच मी पिल्लू त्यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलं.

सापांची ओढ मला शाळेपासूनची. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या सर्पोद्यानात सहल गेली होती, तेव्हापासूनची. पण आपल्याकडचा कुठलाच साप घरात ठेवता येत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. धामण असो, तस्कर असो, दिवड असो की अजगर, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पकडून पाळणं गुन्हा आहे. आणि ते योग्यच आहे. उसाच्या फडात उंदीर खाणारी धामण फडातच हवी. बॉल पायथन हा छोटा अजगर आपल्याकडचा नाही, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात वेगळी अनुसूची आली आणि नोंदणी सक्तीची झाली. म्हणून पिल्लाच्या रंगाची चौकशी करण्याआधी मी त्याच्या आईबापाच्या नोंदणीची कागदपत्रं मागितली. त्यांनी कुरकुर न करता दाखवली. जो दाखवत नाही त्याच्याकडे पुढचं काही विचारूच नये, असं माझं मत आहे.

आता त्या वाट पाहण्याबद्दल, कारण खरी गोष्ट तीच आहे.

बॉल पायथनची अंडी साधारण ३१-३२ अंश सेल्सिअसला ठेवली तर दोनेक महिन्यांत फुटतात. फुटतात म्हणजे कोंबडीच्या अंड्यासारखं कवच तडकत नाही. हे कवच चामड्यासारखं असतं. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला एक बारीक दात असतो, त्यानं ते आतून चीर पाडतं. व्हिडिओत मला ते जवळून दिसलं. पांढऱ्या कवचावर ब्लेड फिरवावं तशी सरळ रेघ, तिच्यातून चिकट पाणी पाझरतंय आणि हरभऱ्याएवढं नाक बाहेर येऊन फुगा सोडतंय. तेवढं करून पिल्लू थांबतं. एखादा दिवस, कधी त्याहून जास्त. आत राहिलेला बलक ते त्या वेळात पोटात ओढून घेत असतं. घाई करून त्याला बाहेर काढलं तर तो बलक आणि नाळ दोन्ही धोक्यात येतात. दादा अंड्यांना हात लावत नव्हते.

त्याच बलकाच्या जोरावर पिल्लू पुढचे काही दिवस न खाता राहतं. आठवडा-दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, पहिली कात टाकतं. त्याआधी अंग धुरकट होतं, डोळे निळसर दुधी दिसतात. कात टाकून झाल्यावरच बहुतेक पिल्लांना भूक लागते. दादांनी आमच्या पिल्लाच्या कातीचा फोटो पाठवला आणि डोळ्यांवरच्या दोन्ही टोप्या निघाल्यात का ते मला झूम करून बघायला लावलं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबरच निघावा लागतो. दोन्ही निघाल्या होत्या.

मग जेवण. पहिल्या जेवणाला माझं पिल्लू बधलं नाही. उंदराचं लहान पिल्लू समोर धरलं तर ते वेटोळं करून डोकं आत घालून बसलं. बॉल हे नाव त्याला या सवयीवरूनच पडलंय. आई रोज विचारायची, "खाल्लं का त्यानं?" साप घरात येणार हे तिला मनापासून पटलेलं नव्हतं, तरी एक दिवस म्हणाली, "आधी खातंय का बघ की. हितं आणून उपाशी मेलं तर पाप कुणाच्या माथी?" दादा जे सांगत होते तेच आई तिच्या शब्दांत सांगत होती.

याचं कारण समजून घ्यायला हवं. बॉल पायथन खाण्याच्या बाबतीत हट्टी म्हणून प्रसिद्ध आहे. जागा बदलली, डबा मोठा झाला, थंडी पडली, एवढ्या कारणावर तो जेवण सोडतो. मोठा साप काही आठवडे, काही महिनेही उपाशी राहून निभावतो. साठ-सत्तर ग्रॅमच्या पिल्लाकडे तेवढी शिल्लक नसते. खाण्याची सवय जुन्या घरीच बसली नसेल, तर प्रवासाच्या ताणानंतर नव्या घरी ती बसवणं फार अवघड जातं. म्हणून एक जेवण पुरेसं धरत नाहीत. पहिलं जेवण कधी कधी नुसत्या दचकण्यातून होतं, म्हणजे पिल्लू घाबरून चावतं आणि मग गिळतं. सलग तीन जेवणं, शक्यतो पाच, आणि तीही तोंडात न कोंबता. तोंडात ठेवून भरवलेलं जेवण दादांच्या वहीत वेगळ्या खुणेनं लिहिलेलं असतं आणि मोजणीत धरलं जात नाही.

त्या वहीच्या पानाचा फोटो मी मागून घेतला. तारीख, वजन, काय दिलं, जिवंत की फ्रोझन, खाल्लं की नाही. माझ्या पिल्लाच्या नावापुढे आधी "नाही", मग "खाल्लं", पुन्हा "नाही", आणि त्यानंतर सलग "खाल्लं". शेवटची जेवणं फ्रोझन उंदराची, कोमट पाण्यात वितळवून दिलेली. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण जिवंतच खाणारं पिल्लू आलं असतं तर कोल्हापुरात दर आठवड्याला मी काय केलं असतं?

नेण्याचा दिवस ठरला तो श्रावणात. आई म्हणाली, नागपंचमी होऊ दे मग आण. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत. मी तिचं ऐकलं. तेवढ्यात आणखी एक जेवण वहीत चढलं, हे चांगलंच झालं.

पुण्यात हातात घेतल्यावर दादांनी जे बघायला सांगितलं ते सगळं बघितलं. तोंडाशी फेस किंवा बुडबुडे नाहीत, श्वासाला घरघर नाही, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके म्हणजे माइट (रक्त पिणारे बारीक किडे) नाहीत, गुदद्वार स्वच्छ, नाळेची जागा बंद झालेली, पाठीचा कणा वर आलेला नाही. शेवटचं जेवण होऊन दोनपेक्षा जास्त दिवस उलटलेले, त्यामुळे प्रवासात ओकण्याची भीती नव्हती. कापडी पिशवी, ती भोकं पाडलेल्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर, गाडीतला एसी बंद. कराडपर्यंत पाऊस आमच्या सोबत होता.

घरी पिल्लाला ठेवायचा टब आधीच तयार होता. तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटवर हीट मॅट, गरम बाजू ३१-३२ अंश, दुसरी बाजू २६-२७, लपायला दोन्हीकडे आडोसा, पाण्याची वाटी. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते म्हणून सगळं इन्व्हर्टरवर घेतलेलं. नंतर एक आठवडा हात लावायचा नाही, बघायला झाकण उघडायचं नाही. पप्पा तरी दोनदा टबाजवळ जाऊन उभे राहिले.

आठवड्यानं संध्याकाळी दिवा मंद करून चिमट्यानं उंदीर पुढे धरला. जीभ बाहेर आली, थांबली, मान हळूच मागे गेली आणि झेप इतकी झटक्यात झाली की मला दिसलीच नाही. दिसली ती थेट वेटोळ्यातली उंदराची शेपटी. आई स्वयंपाकघरातून, "खाल्लं?" मी, "खाल्लं!"

नोंदणी राहिली होती. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करायचा असतो, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पिल्लाचा फोटो, जातीचं शास्त्रीय नाव आणि कुठून घेतलं त्याची कागदपत्रं मी आधीच एका फोल्डरमध्ये ठेवली होती, त्यामुळे अर्ज एका बैठकीत भरून झाला. दादांनी त्यांच्या बाजूनं हस्तांतराची नोंद केली.

याच अंड्यांमधलं एक पिल्लू अजून त्यांच्याकडेच आहे. दिसायला सगळ्यांत देखणं, मागणीही खूप. सलग दोन जेवणं होतात आणि तिसऱ्याला ते तोंड फिरवतं. त्याच्या पानावर दादांनी वर लिहून ठेवलंय, "देणे नाही."