तक्रारीचे टाळ

वारीतलं रिंगण टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. समाजआरती मात्र तळावर उभं राहूनच अनुभवावी लागते. संध्याकाळी माउलींची पालखी मुक्कामाला पोहोचली की दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. शेकडो टाळ आणि मृदंग एकाच वेळी वाजत असतात. मग चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समाज क्षणात गप्प होतो. हरवल्या-सापडल्याचं पुकारलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा होतो. ते टाळ थांबले की मगच आरती.

यंदा फलटणच्या मुक्कामी वाजत राहिलेले टाळ आमच्या दिंडीचे होते. वाटेत मागची एक दिंडी क्रम सोडून आमच्यात घुसली आणि डोक्यावर तुळशी घेतलेल्या आमच्या बायकांना कडेच्या चिखलात उतरावं लागलं. नुकतीच माळ घातलेला एक कॉलेजचा पोरगा आमच्यात होता. पहाटे काकड्याला सगळ्यांच्या आधी उठणारा, जेवताना पानात कण न टाकणारा. त्याला हे अजिबात रुचलं नाही.

"बुवा, आरतीच्या वेळी कसल्या तक्रारी? माउली बघतायत."

विणेकरी बुवा म्हणाले, "बघतायत म्हणूनच इथं सांगायचं. रस्त्यात बोललो असतो तर भांडण झालं असतं."

चोपदार आले, ऐकून घेतलं, त्या दिंडीला समज दिली. रात्री त्याच दिंडीतले दोघं आमच्या राहुटीत पिठलं-भाकरी खात बसले होते. बुवांनी त्यांच्या पायाला हात लावला, त्यांनी बुवांच्या.

या सोहळ्याला आजची शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. दिंड्यांचा क्रम, चोपदार, तळ, अश्व या सगळ्यात ती सरदारी नजर दिसते. शिस्त म्हटलं की आपण मुकाट्यानं ऐकणं धरून चालतो. इथं मात्र शिस्तीतच नाराजीला जागा आहे, तीही पालखीसमोर आणि टाळाच्या ठेक्यात. श्रद्धा पिकते म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्या प्रवचनात दिसलं नव्हतं. नाराज माणूस रांग सोडत नाही आणि रांगेत राहायचं म्हणून नाराजी गिळतही नाही.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी चालतात. बरडच्या पुढे उन्हात त्यांच्या बरोबरीनं चालताना मी विचारलं, "आजी, इतकी वर्षं येता, विठ्ठलाकडे काय मागता?"

"मागायला कशाला यायचं एवढ्या लांब? घरूनबी मागता येतंय की." थोडं चालून झाल्यावर आपणच म्हणाल्या, "मालक गेले त्या साली रागानं आले होते. टाळाला हात लावला नाही, हरिपाठाला तोंड उघडलं नाही. नुसती चालले."

"मग दिंडीतले काय म्हणाले?"

"काय म्हणणार? चहा द्यायचे."

या उत्तरानं मी हललो. दिंडीत कुणीही आजींना समजवायला बसलं नव्हतं. देवाची इच्छा, प्रारब्ध, असलं काहीही कुणी ऐकवलं नाही. रांगेतली त्यांची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही आणि त्यांच्या तोंडून जबरदस्तीनं नामही वदवून घेतलं नाही. एखाद्याचं दुःख पाहून आपली श्रद्धा डगमगेल अशी भीती वाटते, तेव्हाच माणूस घाईघाईनं समजूत घालायला जातो. त्या लोकांना तशी भीती वाटली नसावी. आजी पुढच्या साली पुन्हा टाळ घेऊन उभ्या राहिल्या. कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपूरपर्यंत जाते. आमच्या दिंडीतले बहुतेक जण तिच्यात उभे राहतच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, कळसाचं दर्शन, आणि वारी पावली. तो पोरगा मात्र हिरमुसला. इतकं चालून मूर्ती बघायची नाही? आजींनी त्याला महाद्वारापाशी नेलं आणि नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीपुढे डोकं टेकायला लावलं.

इथं थोडं बोलायलाच हवं. चोखोबा या दाराबाहेरच राहिले. अस्पृश्य ठरवलेल्या त्यांच्या लोकांसाठी हे दार उघडायला 1947 उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. वारकरी संप्रदायावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून हे झाकून पुढे जाणं मला जमत नाही. चोखोबांच्या घरात पत्नी सोयराबाईंनी अभंग रचले, मुलगा कर्ममेळ्यानं रचले. कर्ममेळ्याचा सूर तर थेट जाब विचारणारा आहे. आम्हाला हीन जन्म का दिलास, असं तो देवालाच विचारतो. तो संतमालिकेत आहे, आणि त्याची तक्रारही त्याच्यासोबत तिथंच आहे.

हे बुवा सांगत होते तेव्हा पोरगा ऐकत उभा होता. मग त्यानं विचारलं, "हे अभंग आपण चालताना का म्हणत नाही?"

बुवांनी वीणा सावरली. "आपल्या पाठात फारसे नाहीत. असायला पाहिजेत. तू उतरवून काढ, चाल मी बसवतो. कार्तिकीला निघताना म्हणू."

पोरानं तिथंच मोबाईल काढला आणि पहिला अभंग शोधायला लागला. आजी म्हणाल्या, "मोठ्यानं वाच बाबा, मला लिहिता येत नाही, ऐकून पाठ करते."